१४४१६: घरच्यांपासून कर्ज लपवणाऱ्याला हा नंबर कितपत कामाचा?

पऱ्हाटी उपटून झाली, तुरीचे पैसे आले तसे गेले, आणि कृषी केंद्राच्या उधारीशिवाय आणखी एका ठिकाणचे देणे डोक्यावर आहे हे घरात कोणालाच माहीत नाही. विदर्भातल्या गावांना हे नवीन नाही. अशा माणसाने ‘टेली-मानस’च्या १४४१६ वर फोन करावा का, केला तर काय पदरात पडते आणि काय पडत नाही, एवढ्यापुरतेच हे लिहिणे आहे.

ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मुख्य संस्था. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावायचा. आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो, मराठीचे बटण दाबले की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज दिसली तर तो पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जिल्ह्यातल्या सरकारी सेवेकडे पाठवतो. नाव न सांगताही बोलता येते. कीपॅडचा साधा फोन पुरतो.

आता मुख्य गोष्ट. कर्जाचा हिशेब सगळे करतात, ते लपवण्याचा कोणी करत नाही. बँकेचा मेसेज आला की फोन पालथा. पासबुक बियाण्याच्या रिकाम्या थैलीत. पानठेल्यावर वसुलीवाला बसतो म्हणून गावातून जायचा रस्ता बदललेला. बायकोला सांगितले सोसायटीच्या सचिवाने थांबवले, भावाला सांगितले बँकेचा मॅनेजर बदलला; आता कोणाला काय सांगितले तेही ध्यानात ठेवायचे. घरात ती विचारते, “काऊन बोलून नाही राह्यले?” उत्तर ठरलेले: “काही नाही, डोकं दुखते.” तिला रक्कम कळत नाही, पण काहीतरी दडवले आहे हे पक्के कळते. मग ती आपल्या मनाने अर्थ लावते: दारू असेल, सट्टा असेल, बाई असेल. यातला प्रत्येक संशय तिला खऱ्या कर्जापेक्षा जास्त जाळतो, आणि तो फेडायला कुठली कर्जमाफी येत नाही.

कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुपितांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे: चारचौघांत गुपित सांभाळायचे प्रसंग कमी येतात, एकटे असताना मन आपोआप तिकडे जाण्याचे जास्त, आणि माणसाला खचवते ते हे दुसरे. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला ओलित करणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मोटार चालू, दांडात पाणी सोडलेले, बोलायला कोणी नाही आणि डोक्यात तोच आकडा. रात्री दोन वाजताही मराठीत बोलणारे माणूस फोनवर मिळण्याची सोय असणे हाच या सेवेचा सगळ्यात मोठा गुण. वावरात रेंज मात्र आधी पाहून ठेवा. घरी कीपॅड फोनचा आवाज दुसऱ्या खोलीपर्यंत जातो, म्हणून अर्धा तास मोकळा काढून बांधावरून बोललेले बरे.

फोनवरचा समुपदेशक कर्ज कमी करत नाही, सावकाराला समज देत नाही, बँकेत शब्द टाकत नाही. ही अपेक्षा धरून फोन केला तर निराशा ठरलेली. आवाज अनोळखी असतो. त्याला तुमचे गाव, तुमचे भाऊबंद माहीत नसतात, पहिली दहा मिनिटे सांगण्यातच जातात. पण अनोळखीपणाचाच फायदाही आहे. जे शब्द बायकोपुढे घशात अडकतात ते तिथे एकदा तोंडातून निघतात, आणि दुसऱ्यांदा सोपे जातात. घरी काय आणि कसे सांगायचे याची तयारी करायला हा फोन खरोखर चांगला. “मला हे घरी सांगायचे आहे, कसे सांगू?” असे सरळ विचारा, नाहीतर बोलणे झोप आणि भूक यांच्यातच फिरत राहते.

फोन करायच्या आधी वहीचे एक पान भरा. कोणाकडून, किती मुद्दल, कोणत्या महिन्यात, व्याज किती, गहाण काय, जामीन कोण, पुढची तारीख कोणती. व्याज वर्षाचे मांडा. सावकाराचे ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला शंभरामागे पाच रुपये. ५०,००० वर महिन्याला २,५००, वर्षाला ३०,०००. सरकारने २०१४ मध्ये ठरवलेल्या दराने परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्केच घेता येतात, म्हणजे त्याच रकमेवर ६,०००. तारण असेल तर ९ टक्के. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकाराकडे परवाना नसेल किंवा त्याने शेत लिहून घेतले असेल, तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकार खात्यात करायची. हे काम फोनवर होत नाही, पण कागदावर आकडा उतरला की डोक्यातला राक्षस मोजता येण्याएवढा होतो. तीन लाख आहेत असे वाटत असते, बेरीज दोन लाख दहा हजार निघते. कधी उलटही होते, तरीही घरी सांगताना हातात खरा आकडा असतो.

घरी सांगताना जिथे चुकते ती जागा एकच: अर्धे सांगणे. सोसायटीचे सांगितले, सावकाराचे ठेवले. दोन महिन्यांनी दुसरे उघडे पडले की पहिले सांगणेही वाया जाते. मग खरे सांगितले तरी घरचे विचारतात, “अजून किती आहे?” म्हणून एकदाच, पूर्ण, पान समोर ठेवून. जेवणाच्या ताटावर नको, लेकरांसमोर नको, कोणी पिऊन असताना तर नकोच. आधी एकाच माणसाला. बहुतेक घरांत ती बायको असते. काही घरांत मोठी बहीण किंवा मामा जास्त धीराचे निघतात. ऐकणाऱ्याला राग येईल, तो येऊ द्या. दोन दिवस अबोला राहिला म्हणजे सांगितले ते चुकले असे नाही.

आणि एक गोष्ट सांगण्याआधीच करायची. फवारणीच्या औषधाचे डबे घरातून काढून कुलपात ठेवा आणि किल्ली शेजारच्या भरवशाच्या माणसाकडे द्या. मनात जिवाचे काही येत असेल तर समुपदेशकाला पहिल्याच वाक्यात सांगा. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२ लावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानसिक आरोग्य कायदा २०१७ चे कलम ११५ गृहीत धरते, म्हणून गुन्हेगार ठरवतील या भीतीने मदत मागायची थांबवू नका.

बायांसाठी ही सेवा अवघड पडते, ते सांगायला हवे. बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता नवऱ्यापासून लपवणाऱ्या बाया कमी नाहीत, आणि घरातला फोन बहुधा पोराच्या हातात. कॉलच्या यादीत १४४१६ दिसतो, तो पुसून टाकता येतो. ते जमत नसेल तर गावातल्या आशाताईंना गाठणे सोपे. अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा २०१५ पासून सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आहेत, आणि त्यात घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे ओळखण्याचे काम आशांकडेच दिले गेले. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन फुकट मिळते.

फोन एकदाच करून थांबू नका. घरी सांगून झाल्यावर दुसरा फोन करा, आणि या वेळी ज्याला सांगितले त्यालाही बोलू द्या. महिनोन्‌महिने संशयात काढलेल्या बायकोजवळही सांगण्यासारखे बरेच साचलेले असते, आणि ते नवऱ्यासमोर आधी निघत नाही. तिला फोन द्या आणि तोवर मोटार पाहून या.