रूट प्लॅनिंगचं ॲप: डिझेल वाचलं, पण भरलेला टेम्पो रस्त्यावर उपसायला लावतं

आमची एफएमसीजीची, म्हणजे बिस्किटं-तेल अशा रोजच्या वापराच्या मालाची एजन्सी आहे, गोडाऊन पुण्यात मार्केट यार्डाजवळ, गाड्या सगळ्या छोटा हत्ती टाइप. ॲपचं नाव घेत नाही कारण त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही, पण ज्यांनी अशी ॲप वापरलीत त्यांना कळेलच, रात्री ऑर्डरींची एक्सेल टाकायची आणि सकाळी कुठली गाडी कुठल्या दुकानापासून सुरू करणार ते तयार मिळतं. पावसाळ्याच्या आधी घेतलं, गणपती आणि दिवाळीचा सीझन दोन्ही यावरच काढले, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

माझा सगळा राग एका गोष्टीवर आहे. गाडी भरल्यावर रूट बदलणं.

ज्यांनी हे बनवलंय त्यांनी एकदा तरी सकाळी सातला गोडाऊनला येऊन टेम्पो कसा भरतात ते बघायला हवं होतं. शेवटच्या दुकानाचा माल आधी चढतो, पार केबिनला टेकून, आणि पहिल्या दुकानाचा सगळ्यात शेवटी, फाळक्यापाशी. म्हणजे क्रम एकदा ठरला की तो हौद्यात रचला गेला, आता तो हलवायचा म्हणजे माल हलवायचा. आणि मग साडेनऊला एखाद्या दुकानदाराचा फोन येतो की आज माल नको, पेमेंट तयार नाही. ऑफिसमधून ती ऑर्डर कॅन्सल केली की ॲपने फक्त तेवढं दुकान गाळावं ना, पण नाही, त्याला कुठेतरी किलोमीटर-दीड किलोमीटर वाचताना दिसतं आणि ते उरलेली सगळी दुकानं नव्याने लावून ड्रायव्हरच्या मोबाईलवर पाठवून देतं.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या जुन्या ड्रायव्हरचा कुमठेकर रोडवरून फोन आला, "शेठ, पहिलं दुकान आता शनिपाराचं दाखवतंय, त्याचे तेलाचे डबे पार केबिनला लागलेत, काय करू?" मी म्हटलं मामा, तुमच्या जुन्या क्रमाने जा. तर तेही होईना, कारण स्क्रीनवर जे दुकान वर आहे त्याची डिलिव्हरी मार्क केल्याशिवाय खालचं उघडतच नाही. शेवटी त्यांनी आणि हेल्परने फाळका पाडून बिस्किटांचे बॉक्स फूटपाथवर उतरवले, काही एका दुकानाच्या पायरीवर ठेवले, पंधरा किलोचे डबे ओढून काढले, परत सगळं रचलं, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. तेवढ्यात एक वाजला, पुढच्या दोन दुकानांची शटर दुपारची खाली आली, ती उघडणार चारला. काही रुपयांचं डिझेल वाचवायला ॲपने अर्धा दिवस घालवला.

त्याहून वाईट म्हणजे कधीकधी दुकान एका गाडीवरून उचलून दुसऱ्याच गाडीवर टाकतं. माल या गाडीत, दुकान त्या गाडीच्या लिस्टमध्ये. आपल्याकडे राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद लागतो आणि गाडी बदलली की त्यातल्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवा नंबर टाकावा लागतो, होलसेलवाल्यांची बिलं तेवढी असतातच, आणि हे ॲप विचारत पण नाही.

आता जे चांगलं आहे ते पण लिहितो, कारण मधे एक महिना बंद करून हाताने रूट लावले आणि फरक दिसला. आधी धायरी आणि सिंहगड रोडला आमच्या दोन गाड्या एकमेकींच्या मागे फिरायच्या, ते बंद झालं आणि पंपावरचं बिल खरंच कमी झालं. नवीन ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून दुकानं न चुकता गाठतो. गणपतीत तर मी खूश झालो होतो, मध्यवस्तीतले जे रस्ते संध्याकाळी बंद होतात तेवढा भाग नकाशावर बोटाने आखून द्यायचा, वेळ टाकायची, की पेठांची सगळी दुकानं आपोआप सकाळी लागायची. हे हाताने जमत नाही हो, नुसत्या दहा दुकानांचेच ३६,२८,८०० क्रम होतात आणि आमच्या एका गाडीवर त्याच्या दुपटीहून जास्त दुकानं असतात. गूगल मॅपमध्ये एक तर मोजकेच स्टॉप टाकता येतात आणि त्यांचा क्रम पण आपणच लावायचा. म्हणून परत चालू केलं.

पण सपोर्टवाल्यांनी डोकं फिरवलं. मी एवढंच मागितलं, गाडी भरली की ड्रायव्हरने एक बटण दाबावं आणि त्यानंतर क्रम लॉक. पहिलं उत्तर "फीडबॅक नोट केलाय", दुसरं "टेक्निकली शक्य नाही". माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला मामा, हा प्रश्न १९५९ पासून लोक सोडवतायत, डँट्झिग आणि रॅम्सर यांचा पेपर आहे, डेपोतून पेट्रोल पंपांना टँकर कसे पाठवायचे त्यावर. आणि त्याने गूगलचं ओआर-टूल्स, म्हणजे असले रूटचे प्रश्न सोडवायचं सॉफ्टवेअर, उघडून दाखवलं, फुकट आहे, कोणीही वापरू शकतं, त्यात रूटचा सुरुवातीचा भाग लॉक करून उरलेलाच सोडवायची सोय आधीपासून आहे. एवढंच काय, शेवटी चढलेला माल आधी उतरला पाहिजे असा नियम पण त्यात लावता येतो. मग गाडीमागे महिन्याला पैसे घेणाऱ्यांना कसं शक्य नाही? सर्व्हिसिंगला उभ्या असलेल्या गाडीचे पण पैसे घेतात, तेव्हा बरं सगळं शक्य होतं.

ओआर-टूल्सची लिंक सपोर्टला पाठवल्यावर त्यांचा सूर बदलला, आता म्हणे वरच्या प्लॅनमध्ये "विचार करू". वरचा प्लॅन जवळजवळ दुप्पट आहे, आणि माल उपसायला लागू नये यासाठी मी जास्तीचे पैसे देणार नाही.

सध्या आम्ही असं करतो: गाडी गेटबाहेर पडली की दिवसभर ऑफिसमधून काहीही कॅन्सल करायचं नाही, दुकानदाराने नको म्हटलं तर ड्रायव्हरने तिथे पोचल्यावरच "माल परत" मार्क करायचं. तेवढी एक चक्कर फुकट जाते पण क्रम हलत नाही. ज्यांच्या ऑर्डरी दुपारपर्यंत बदलत राहतात त्यांनी घेण्याआधी डेमोमध्ये भरलेल्या गाडीतली एक ऑर्डर कॅन्सल करून बघाच, सेल्सवाला हे स्वतःहून दाखवत नाही. वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून त्यांचे फोन चालू आहेत, मी महिन्याचंच भरतोय, आणि लॉक आल्याशिवाय वर्षाचं भरणार नाही हे त्यांना मेलवर लिहून दिलंय.