झिरकोनिया, ई-मॅक्स की मेटल-सिरॅमिक? कॅप ठरवताना समोरच्या दाढेलाही विचारात घ्या

रूट कॅनॉल संपलं की खुर्चीतून उठता उठता पेशंट विचारतात, "डॉक्टर, सगळ्यात मजबूत कॅप कुठली?" प्रश्न रास्त आहे, पण कॅप एकटी चावत नाही. खालच्या दाढेवर कॅप बसली की वरची दाढ रोज तिच्यावर येऊन टेकते, घासते. झोपेत दात खाणाऱ्यांची तर रात्रभर. त्या वरच्या दाढेचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, झिजलं तर परत येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपलेल्या असतात. म्हणून कॅपची तुलना मी समोरच्या दाताच्या बाजूने करते.

थोडी झीज तर होणारच. दाढेवर दाढ घासली तरी वर्षाला साधारण ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इनॅमल जातं, उपदाढेचं त्याच्या निम्मं. आणि दाढेच्या उंचवट्यावर इनॅमलची जाडी असते जेमतेम अडीच मिलिमीटर. कॅपने ही नैसर्गिक झीज फार वाढवू नये, एवढीच अपेक्षा.

आता आकडे बघा. कठीणपणाच्या व्हिकर्स मापात इनॅमल सुमारे ३००, ई-मॅक्स नावाने ओळखलं जाणारं लिथियम डायसिलिकेट ६००च्या आसपास आणि झिरकोनिया नावाचं पांढरं सिरॅमिक १२००च्या घरात. हे वाचून कुणीही म्हणेल, झिरकोनिया नको, समोरची दाढ खाऊन टाकेल. पण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा उलटंच दिसलं: नीट पॉलिश केलेला झिरकोनिया जुन्या पद्धतीच्या पोर्सिलेनपेक्षा इनॅमल कमी झिजवतो.

याचं कारण आपल्या आज्यांना ठाऊक होतं. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण होत नाही, मग टाकी लावून घ्यावी लागते. दगड तोच, कठीणपणा तोच, फक्त पृष्ठभाग खडबडीत झाला की तो वाटायला लागतो. तोंडातही तसंच. पोर्सिलेन म्हणजे काच आणि त्यात विखुरलेले स्फटिक. चावताना त्याचे बारीक कण निखळतात, मागे धारदार कडा राहतात आणि निखळलेले कण दोन दातांच्या मध्ये वाळूसारखे फिरतात. थोडक्यात, पोर्सिलेन स्वतःच स्वतःला टाकी लावून घेतं. झिरकोनियाचे कण अतिशय बारीक आणि एकमेकांना घट्ट धरलेले असतात. एकदा आलेली चकाकी तो वर्षानुवर्षं टिकवतो.

पण "नीट पॉलिश केलेला" हे शब्द सोडून पुढे जाऊ नका. लॅबमधून येणारी कॅप आरशासारखी चमकते ती बऱ्याचदा ग्लेझमुळे, म्हणजे वरून भाजलेल्या काचेच्या पातळ थरामुळे. चावण्याच्या जागी हा थर काही महिन्यांत झिजून जातो. खाली पॉलिश केलेलं नसेल, तर मशीनने कोरलेला खरखरीत झिरकोनिया उघडा पडतो, आणि तो मात्र कानशीच.

दुसरा धोका आमच्या खुर्चीत होतो. निळा कागद चावायला देतो, कॅपवर उंच जागी ठिपका उमटतो, डायमंड बरने, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेल्या फिरत्या टोकाने, तो उतरवतो. तेवढी जागा निस्तेज होते. त्यानंतर हिऱ्याची पूड असलेले रबर जाड ते बारीक अशा क्रमाने फिरवायचे, शेवटी पेस्ट लावायची. याला वेळ जातो आणि गर्दीच्या संध्याकाळी हीच पायरी गळते.

एक बाई वरच्या दाढेला थंड लागतं म्हणून आल्या होत्या. खालची झिरकोनिया कॅप तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे बसवलेली, तिला ओरखडाही नव्हता. वरची दाढ हवेने कोरडी केली तर इनॅमलच्या पांढऱ्या कडेत एक वाटीसारखा खळगा, तळाशी डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा पिवळसर थर. मग कॅप कोरडी केली. सगळी चकाकत होती, फक्त बरोबर त्या खळग्यासमोर तिळाएवढा मंद डाग. कुणीतरी उंची उतरवून तसंच सोडलं होतं. मी तो डाग पॉलिश केला, खळगा कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, भरला. तेव्हापासून मी पेशंटना सांगते, की पदार्थाचं नाव विचारता तसं पॉलिशबद्दलही विचारा.

ई-मॅक्स पोर्सिलेन आणि झिरकोनियाच्या मधला. काचेत सुईसारखे स्फटिक, ताकद ४०० मेगापास्कलच्या आसपास. दाढेच्या झिरकोनियाची ९०० ते १२००. समोरच्या दाताला पोर्सिलेनपेक्षा सौम्य, पॉलिश केलेल्या झिरकोनियाइतका मात्र नाही. पुढच्या दातांना आणि उपदाढांना मी आनंदाने देते, कारण प्रकाश आरपार जाऊ देण्यात तो खऱ्या दाताच्या फार जवळ जातो. एक काळजी घ्या: आम्लयुक्त फ्लोराइड जेलने त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो. कुठेही फ्लोराइड लावून घेताना "मला सिरॅमिक कॅप आहे" असं आधी सांगा. न्यूट्रल फ्लोराइड मिळतं.

बिलावर "झिरकोनिया" लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. आत झिरकोनिया आणि वर पोर्सिलेनचा थर अशाही कॅप असतात. पुढच्या दातांत त्या सुंदर दिसतात, पण समोरच्या दाताला लागतं ते पोर्सिलेनच, आणि त्याचा टवका उडण्याची भीती वेगळी. दाढेसाठी "मोनोलिथिक", म्हणजे अख्खी एकाच पदार्थाची, असं स्पष्ट म्हणा. जास्त पारदर्शक झिरकोनिया दिसायला उजवा, ताकदीला उणा. झिजवण्याच्या बाबतीत त्यालाही पॉलिशचाच नियम लागू.

मेटल-सिरॅमिक, म्हणजे आत धातू आणि वर पोर्सिलेन, अजूनही चांगली कॅप आहे, आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर तीच घ्या. फक्त शेवटच्या दाढांना चावण्याचा भाग धातूचाच ठेवायला सांगा, पोर्सिलेन गालाकडच्या बाजूलाच. हसताना तो धातू दिसत नाही आणि समोरची दाढ वाचते. सोन्याच्या मिश्रधातूइतकं इनॅमलला मायेने वागवणारं दुसरं काही नाही, पण भाव आणि रंग दोन्हींमुळे आता कुणी मागत नाही. रेझिन (प्लॅस्टिकसारखा पदार्थ) मिसळलेल्या हायब्रिड कॅप समोरच्याला सांभाळतात खऱ्या, पण स्वतः झिजतात.

झोपेत दात खाणाऱ्यांना मी दाढेवर पॉलिश केलेला मोनोलिथिक झिरकोनिया आणि सोबत नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, सुचवते. गार्ड नको असेल तर निवडलेल्या पदार्थाचा फायदा निम्म्यावर येतो. ज्यांना घशाशी आंबट येतं त्यांचं इनॅमल आधीच मऊ पडलेलं असतं. त्यांनी पित्ताचा इलाज कॅपच्या आधी करावा. मिश्री किंवा खरखरीत मंजन घासणाऱ्यांच्या बाबतीत नुसत्या कॅपला दोष देता येत नाही.

झिरकोनिया असेल तर सिमेंट लावण्याआधी चावा तपासून घ्या, म्हणजे उंची उतरवलीच तर कॅप हातात धरून व्यवस्थित पॉलिश करता येते. ई-मॅक्स चिकटवण्याआधी जोरात चावून बघू नका, तडकू शकते. तिचं पॉलिश तोंडातच होतं. घरी गेल्यावर जिभेचं टोक कॅपच्या चावण्याच्या भागावरून फिरवा. बोटाला न कळणारी खरखर जिभेला कळते. तशी लागली तर त्याच आठवड्यात क्लिनिकला फोन करा. पॉलिश करायला भूलही द्यावी लागत नाही.