नेट गेल्यावर दुकानात पैसे कसे घ्यावेत? वापरून पाहिलेल्या पर्यायांची तुलना

गौरी-गणपतीच्या आठवड्यात आमच्या दापोली तालुक्यातल्या गावात माणसं तिप्पट होतात, टॉवर मात्र तोच एक. दोन वर्षांपूर्वी हरतालिकेच्या संध्याकाळी मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने नारळ, गूळ, कापूर, वाती असं ६४० रुपयांचं सामान घेतलं. फोनला रेंज पूर्ण, पण क्यूआर स्कॅन केल्यावर गोल चक्र फिरतच राहिलं. पैसे आल्याचं बोलून सांगणारा माझा साउंडबॉक्स गप्प. मागे आठ-दहा माणसं खोळंबलेली. त्याने पुन्हा पैसे पाठवले. थोड्या वेळाने त्याच्या खात्यातून दोनदा पैसे गेल्याचे मेसेज आले, माझ्याकडे मात्र एकदाच जमा. उरलेले त्याला चौथ्या दिवशी परत मिळाले. तोवर दीड दिवसाचा गणपती पोचवून तो मुंबईला परतलाही होता. ते चार दिवस माझ्या जिवाला घोर होता. दुकान विश्वासावर चालतं आणि त्या माणसाला मी काहीच दाखवू शकत नव्हतो.

त्यानंतर नेटशिवाय किंवा तुटक नेटवर पैसे घेण्याचे जे जे मार्ग सांगितले जातात, त्यांतले हाताशी येतील ते मी एकेक करून पाहिले. शेजारच्या मेडिकलवाल्या दादांनी साथ दिली. प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न लावला: गिऱ्हाईक दारात उभं असताना पैसे आल्याचं मला कळतं का? पाठवायच्या वाटा पुष्कळ आहेत, घेणाऱ्याला खात्री देणाऱ्या थोड्या.

नेट नेमकं कुणाचं गेलंय?

पर्याय निवडण्याआधी हे बघा, कारण औषध दुखण्याप्रमाणे बदलतं. बहुतेक वेळा नेट फक्त गिऱ्हाइकाचं गेलेलं असतं. त्याच्या कंपनीला आमच्या खाडीकाठी रेंज नसते, माझ्या सिमला असते. अशा वेळी दुसरं काही शोधू नका, त्याला हॉटस्पॉट द्या. मी दुकानाच्या जुन्या फोनवर वेगळा हॉटस्पॉट ठेवलाय. त्या फोनवर माझं बँकेचं काहीच नाही, आणि पासवर्ड दर आठवड्याला बदलतो. दिवसाला चार-पाच पर्यटक तरी त्यावरून पैसे देतात, आणि साउंडबॉक्स बोलतो म्हणजे खात्रीही होते.

दुसरा प्रकार म्हणजे सगळ्या गावाचंच नेट जाणं. पावसाळ्यात वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तास तग धरते आणि मग संपते. तिसरा प्रकार सरकारी आदेशाचा. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात नेट बंद केलं होतं. आमचा गुळाचा व्यापारी तिथला. त्याच्याशी फोनवर बोलणं व्यवस्थित झालं, पैसे मात्र जाईनात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीडमध्येही तसंच नेट बंद झालं. चौथ्या प्रकारात नेट असतं, पण यूपीआयच अडलेलं असतं. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर तसं झालं. त्या दिवशी कित्येक जण फोन बंद-चालू करत बसले आणि दोष मात्र आपल्याच रेंजला देत राहिले.

*९९# आणि १२३पे

यूपीआयचे पैसे पाठवायच्या या दोन्ही सोयींना इंटरनेट लागत नाही, फोनची साधी रेंज पुरते. म्हणून सरकारी नेटबंदीत आणि टॉवरवर नुसतं कॉलपुरतं नेटवर्क उरलेलं असताना खरा उपयोग यांचाच.

*९९# ही सोय २०१४ पासून देशभर आहे. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून डायल करायचं, पडद्यावर आकड्यांची यादी येते, १ दाबून पैसे पाठवायचे, ३ दाबून शिल्लक बघायची. भाषांमध्ये मराठीही आहे. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. यूपीआय पिन आधी काढलेला असला पाहिजे. नसेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि मुदत टाकून तो काढता येतो, पण दुकानात रांग असताना कुणी ते करत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. *९९# वर क्यूआर स्कॅन होत नाही. स्टिकरवर छापलेला दुकानाचा लांबलचक यूपीआय आयडी त्या छोट्या चौकटीत टाइप करताना लोक चुकतात, आणि चुकेपर्यंत वेळ संपून सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावर मी उपाय केला तो साधा आहे. यूपीआयला जोडलेला माझा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर चिकटवला. गिऱ्हाईक नंबर टाकतं, पडद्यावर माझं नाव येतं, ते मी स्वतः वाचतो आणि मगच रक्कम टाकायला सांगतो. सरावाच्या माणसाला मिनिटभर लागतं. यात एक गोष्ट लक्षात ठेवा: नंबरवर आलेले पैसे त्या नंबराला जोडलेल्या खात्यात जातात. ते बचत खातं असेल तर दुकानाच्या हिशेबात वेगळं मांडावं लागतं.

आता माझा प्रश्न. नेट नसल्याने साउंडबॉक्स बोलणार नाही. बँकेचा एसएमएस येतो, पण कधी उशिरा. म्हणून मी माझ्याच फोनवरून *९९# लावून शिल्लक बघतो. आधीची शिल्लक दुपारीच वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेली असते. गिऱ्हाइकासमोर दोन आकडे जुळले की दोघंही निश्चिंत. गर्दीत हे प्रत्येकाला करता येत नाही, ५०० च्या वरच्या बिलाला मात्र करतोच. आणि हो, काही सिमवर *९९# लागतच नाही. आजच आपल्या सिमवर लावून बघा, वादळाच्या दिवशी नको.

१२३पे ८ मार्च २०२२ ला सुरू झालं, मुख्यतः साध्या फोनवाल्यांसाठी. त्यात चार रीती आहेत, त्यांतली आमच्याकडे चालली ती फोन लावून आवाजाच्या सूचनांवर पैसे पाठवायची: ०८० ४५१६ ३६६६. मर्यादा पूर्वी ५,००० होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १०,००० केल्याचं जाहीर केलं. आमच्या वाडीतल्या एका काकूंना वाचता येत नाही, पण आकडे ओळखतात. त्यांना *९९# ची यादी डोक्यावरून गेली, १२३पे मात्र दोन खेपांत जमलं. फोन कानाला लावून, ऐकत, एकेक आकडा दाबत त्यांनी तेल-साखरेचे पैसे दिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. वेळ मात्र दुप्पट-तिप्पट लागतो, आणि पावसात कॉल मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

दोन्हींतून निवडायचं तर: वाचता येणाऱ्याला *९९#, ज्येष्ठांना आणि ऐकून समजणाऱ्यांना १२३पे. दुकानदाराने दोन्ही शिकून ठेवावं, कारण शिकवायचं काम शेवटी आपल्याच गळ्यात येतं.

लाइट आणि लाइट एक्स

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. यूपीआय लाइट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. पिन लागत नाही, फोनमध्ये आधी भरलेल्या पैशातून रक्कम जाते. डिसेंबर २०२४ पासून एका वेळी १,००० आणि एकूण ५,००० रुपये ठेवता येतात. पिन नाही म्हणून लोकांना वाटतं नेटही लागत नाही. लागतं. माझ्याकडे कितीतरी जण ‘लाइटवरून होईल ना?’ म्हणून विचारतात आणि पुन्हा तेच चक्र बघत बसतात. मग लाइटचा उपयोग कधी? गिऱ्हाइकाच्या बँकेचा सर्व्हर मंदावला असेल तेव्हा. प्रत्येक छोट्या व्यवहाराला बँकेच्या मुख्य यंत्रणेत जावं लागत नसल्याने दहा-वीस रुपयांची खरेदी पटकन होते. महिनाअखेरीला, पगाराच्या दिवशी हा फरक जाणवतो.

लाइट एक्स हे २०२३ मध्ये आलेलं भावंड नेटशिवाय चालावं म्हणूनच बनवलेलं. दोन फोन एकमेकांना टेकवायचे, पैसे इकडून तिकडे. पण दोन्ही फोनमध्ये एनएफसी (फोन जवळ टेकवून माहिती पाठवायची सोय) हवं, दोघांनी ते आधी चालू केलेलं हवं, आणि हिशेब पुरा व्हायला मागाहून फोन ऑनलाइन यावा लागतो. दादांच्या नव्या फोनवर आणि त्यांच्या भाच्याच्या फोनवर आम्ही करून पाहिलं, झालं. दुकानात मात्र वर्षभरात एकाही गिऱ्हाइकाने ते मागितलं नाही. कल्पना उत्तम आहे आणि मला ती गावोगाव पोचलेली बघायची आहे, पण आज त्याच्या भरवशावर दुकान उघडू नका.

तीच गोष्ट ई-रुपयाची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाची. १ डिसेंबर २०२२ ला सामान्य लोकांसाठी त्याची प्रायोगिक सुरुवात झाली, पहिल्या शहरांत मुंबई होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो ऑफलाइन चालवण्याचंही जाहीर केलं. आमच्या पेठेत अजून कुणाच्या फोनमध्ये दिसला नाही.

कार्डाचं मशीन की दुसरी लाइन?

पैसे घालायचे तर कुठे, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त दुकानदार विचारतात. कार्ड स्वाइप करायच्या मशीनला स्वतःचं सिम असतं, आणि कार्डाचं जाळं यूपीआयपेक्षा वेगळं. म्हणून यूपीआय अडलेल्या दिवशी मशीन हमखास कामी येतं. १२ एप्रिलला दादांच्या मेडिकलमध्ये औषधं घेणारा एकही जण रिकाम्या हाती गेला नाही, तो मशीनमुळेच. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन लागत नाही, इतर कार्डांवर लागतं. शिवाय मशीनचं महिन्याचं भाडं. आणि टॉवरच बंद पडला तर मशीनही बंद.

दुसरी लाइन म्हणजे घरात-दुकानात फायबरचं वायफाय आणि फोनमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम. माझा कौल याच्या बाजूने आहे. गणपतीत टॉवर गुदमरतो तेव्हा फायबरला त्याची झळ लागत नाही. राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडला की वीज गेल्यावरही काही तास निघतात. साउंडबॉक्समधलं सिम एका कंपनीचं आणि तुमच्या फोनमधलं दुसऱ्या कंपनीचं असू द्या, म्हणजे एक गप्प झाला तरी दुसऱ्यावर पैसे आल्याचं दिसतं. मेडिकल, पेट्रोल पंप, हॉटेल अशा ठिकाणी मशीन आणि लाइन दोन्ही हवीत. किराणा, भाजी, चहाच्या टपरीला मशीनचं भाडं अंगावर येईल.

स्क्रीनशॉटवर माल देऊ नका

नेट अडखळतं तेव्हा गिऱ्हाईक फोन समोर धरतं: ‘हे बघा, सक्सेसफुल.’ खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप निघाली आहेत, आणि गर्दीची वेळ अशांना बरोबर सापडते. प्रामाणिक माणसावर संशय घ्यायला मलाही जड जातं. म्हणून मी सगळ्यांना सारखंच सांगतो, की माझ्याकडे आल्याचं दिसलं की सामान हातात. व्यवहार ‘पेंडिंग’ दाखवत असेल तर पुन्हा पाठवू देऊ नका. १२ आकडी रेफरन्स नंबर वहीत लिहून घ्या. दुकानात न पोचलेले यूपीआयचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत करायचे आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हा नियम गिऱ्हाइकाला सांगितला की त्याचा चेहरा सैल पडतो. त्या चाकरमान्याला मी हे सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं.

सगळंच बंद झालं तर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात वीज, फोन, सगळं कित्येक दिवस बंद होतं. वर लिहिलेल्यांतलं जवळजवळ काहीच त्या दिवसांत चाललं नसतं. एटीएमलाही वीज आणि जोडणी लागते. तेव्हा नोटा आणि उधारीची वही, दोनच वाटा उरल्या. वहीत गावातलं माणूस लिहिता येतं, रस्त्याने जाणारा पर्यटक लिहिता येत नाही, म्हणून मोसमात आणि पावसाळ्यात नोटा जास्त ठेवा. मी मे अखेरीला १०, २० आणि ५० च्या नोटांची पुडकी बांधून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. वादळानंतर लोकांकडे ५०० च्या नोटा होत्या आणि सुटे कुणाकडेच नव्हते.

लहान किराणा असेल तर माझा क्रम असा: हॉटस्पॉटचा जुना फोन, वेगळ्या कंपनीचं सिम, काउंटरवर मोबाइल नंबरची पट्टी, मग जमेल तेव्हा फायबर. यातल्या पहिल्या तिन्हींना मिळून फार खर्च नाही. पट्टी तर आज दुपारीही लिहून होईल, फक्त अक्षर मोठं काढा आणि वरून सेलोटेप लावा, पावसाळी हवेत शाई फुटते.