मांजरांचा दवाखाना-निधी: नऊ महिने चालवून पाहिल्यावर

माणशी महिन्याला १०० रुपये, पैसे दवाखान्यात आगाऊ जमा, आणि प्रत्येक मांजरामागे खर्चाची मर्यादा आधीच ठरलेली. सोलापुरात साखर पेठ आणि अशोक चौकाच्या आसपास भटक्या मांजरांसाठी ही पद्धत नऊ महिने चालू आहे. टिकते. पण सुरुवातीला कागदावर मांडली होती तशी नाही.

पहिली चूक ऑटोपेच्या, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप हप्ता कापण्याच्या तारखेची. १ तारीख ठेवली की हप्ते परत येतात, कारण पगार ७ पर्यंत होतात. १० तारीख ठेवा. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो आणि तो वाचूनच काही जण ऑटोपे बंद करतात. म्हणून ८ तारखेलाच गेल्या महिन्याची बिलं ग्रुपवर टाकायची. बिलाचा फोटो टाकायचा, मांजराचा नाही.

मांजराच्या फोटोचं गणित वेगळंच असतं. मोडक्या पायाच्या मांजरासाठी एका संध्याकाळी जेवढे पैसे येतात, तेवढे नसबंदीच्या नावावर महिनाभरातही जमत नाहीत. खरी बचत मात्र नसबंदीतच आहे. भाटी (मांजराची मादी) चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. त्यामुळे ‘उरलेली रक्कम नसबंदीला जाईल’ ही ओळ आवाहनातच लिहा. नंतर सांगितलं की भांडणं होतात.

डॉक्टरांशी घासाघीस करू नका. भूल, टाके, औषध यांचा खर्च कमी होत नसतो. भाव पाडला की पहिली कात्री वेदनाशामकावर चालते. त्यापेक्षा कमी गर्दीची एक दुपार ठरवून चार मांजरं एकदम न्या. हत्यारं निर्जंतुक करायची मांडामांड एकदाच होते, आणि डॉक्टर आपणहून दर कमी करतात. हिशेबाला दोनशे पानी वही पुरते: तारीख, कुठून आणलं, वजन, औषध, रक्कम, आणणाऱ्याची सही. जमा रक्कम एक तृतीयांशावर आली की तातडीच्या केस सोडून बाकी थांबवायचं. हा नियम मोडला त्या महिन्यात उधारी झाली.

मांजर पकडायच्या पिंजऱ्याबद्दल. तळाला वर्तमानपत्र घाला, पण चिकटपट्टीने चिकटवा; पिंजऱ्यात एक पट्टी असते, तिच्यावर पाय पडला की दाराची झडप पडते; मोकळा कागद त्या पट्टीखाली सरकतो आणि झडप पडत नाही. मूठभर सुकट पट्टीच्या पलीकडे ठेवा, अलीकडे नको. झडप पडली की लगेच वरून चादर टाका. अंधार झाला की मांजर धडका मारायचं थांबवतं. मोठं मांजर शस्त्रक्रियेआधी ८ ते १२ तास उपाशी लागतं, म्हणून सुकट खाल्ल्याची वेळ पिंजऱ्यावरच लिहायची. पिल्लांना इतकं उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर उतरते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात पिंजरा लावायचा तो पहाटेच. नसबंदी झाल्याची खूण म्हणून भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक कापून घ्या, नाहीतर तीच भाटी पुन्हा टेबलावर येते.

पावतीचं थोडक्यात: देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी (८०जी) नसेल तर करसवलतीचं आश्वासन देऊ नका. नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर मुळातच नाही.

वस्तूरूप देणगीत सगळ्यात जास्त येतं ते फिनेल. घेऊ नका. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. शिवाय पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू जागेवर वर्षभर टिकू शकतो. त्याला मारायला ब्लीच लागतं, ३२ भाग पाण्यात १ भाग, दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. डोलो-क्रोसिनच्या उरलेल्या पट्ट्याही लोक आपुलकीने आणून देतात. त्यात पॅरासिटामॉल असतं, आणि त्याची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

कारखान्यातले सेकंडचे टॉवेल मात्र पोत्याने मिळतात. दिसायला मऊ, पण टर्किश टॉवेलच्या धाग्यांच्या फाशांत नखं अडकतात. अंथरायला जुनी सोलापुरी चादर बरी, आणि तीही कडा दुमडून शिवलेली. सुटा धागा गिळला की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं. मांजर ओकत असेल, खात नसेल तर जिभेखाली बघा. तिथे दोरा गुंतलेला दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.