सोलर झटका मशीन: डुकरांसाठी भारी, माकडांसाठी घेऊ नका

रात्र रात्र जागल करून कंटाळलेल्या शेतकऱ्यांसाठी लिहितोय. हरभऱ्याच्या वावराला ही कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी मशीन लावलीय, १२ व्होल्टची बॅटरी, वर सोलर प्लेट अन् तीन पदरी तार, डुकरांचा त्रास जवळजवळ बंदच झाला.

एवढीशी तार डुकराला अडवू शकत नाही हो, अडवते ती त्याच्या मनातली भीती. तारेत काही हजार व्होल्ट असतात पण झटका साधारण सेकंदाला एकदाच येतो आणि तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, म्हणून चटका जबर बसला तरी जनावराला मागे सरायला सवड मिळते. घरची २३० व्होल्टची लाइन सलग वाहते, स्नायू आखडतात, हात सुटतच नाही. आकडा टाकून कुंपणात लाइन सोडणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू, विदर्भात असल्या तारांनी वाघ मेलेत, शेतकरी मेलेत, आणि सकाळी पाणी द्यायला येणारं माणूस आपल्याच घरचं असतं.

खालच्या तारेची उंची नीट ठेवा, आठ-दहा इंच पुरे. डुक्कर हुंगत येतं, ओल्या नाकाला झटका बसला की उलटं पळतं, पण तेच डोकं तारेखालून गेल्यावर पाठीवर बसला तर पुढेच मुसंडी मारतं, म्हणजे सरळ वावरात! पेरणी झाली की लगेच चालू करा, एकदा पिकाची चटक लागली की मग झटका सोसूनही घुसतात. आणि कळप चुकून आत अडकला तर आधी मशीन बंद करून वाट मोकळी करा. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, ज्यांना झटका काही केल्या टाळता येत नव्हता त्यातली बरीच कुत्री नंतर सुटायची सोय असूनही तिथंच कण्हत पडून राहिली. वाचून फार वाईट वाटलं. जनावराला पळायला जागा पाहिजेच.

तारेच्या भीतीचं म्हणाल तर माणसांचंही वेगळं नाही, मशीन बंद आहे म्हणून दहादा सांगा, निंदणाला आलेल्या बाया त्या तारेजवळून जात नाहीत, बैल पण अंग चोरतो. बोर्ड मात्र लावाच, नवीन माणसाला काय माहीत.

माकडांना उपयोग शून्य, ती झाडावरून उडी मारतात, जमिनीला पाय नसला की झटका बसतच नाही.

कंपनीची सर्व्हिस ढिली आहे, फोन उचलत नाहीत. गवत तारेला टेकलं की झटका कमी होतो म्हणून धुरा (बांध) साफ ठेवावा लागतो, आणि माती सुकली की जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडपाशी पाणी टाकावं लागतं. घेताना व्होल्टेज टेस्टर सोबत मागून घ्या, हात लावून बघत बसू नका.