ग्रीन टी : वाहचा घ्यावा की कोरकुंदाचा?

ग्रीन टी म्हटलं की आपल्याकडे दोऱ्याची पिशवी आठवते, नाहीतर कुंडीतला गवती चहा. सुट्या पानांचा पहिल्यांदाच घेणार असाल, तर मी दोन मळ्यांची नावं सांगते. दोन्ही दार्जिलिंगचे नाहीत, म्हणून फारशी कानावर पडत नाहीत.

पहिला वाह. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात पालमपूरजवळ, धौलाधारच्या कुशीत, १८५७ पासूनचा. कांगड्यात १८४९च्या सुमारास चहा आला तो चिनी वाणाचा, लहान पानाचा, थंडी सोसणारा. इथला ग्रीन टी पूर्वी अमृतसरमार्गे काबूल आणि मध्य आशियापर्यंत जायचा. ४ एप्रिल १९०५च्या भूकंपात मळे आणि कारखाने कोसळले, बरेच इंग्रज मळेवाले निघून गेले आणि कांगड्याचं नाव मागे पडलं. कांगडा चहाला २००५मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३मध्ये युरोपीय संघानंही ते दिलं. मला याचा मनापासून आनंद झाला होता.

दुसरा कोरकुंदा. नीलगिरीत, जवळजवळ आठ हजार फुटांवर. जगातल्या सर्वांत उंच मळ्यांमध्ये त्याची गणना होते आणि शेती सेंद्रिय आहे.

खरा फरक खुडणीचा. कांगड्यात थंडीत झाडं झोपलेली असतात. एप्रिलमध्ये जी पहिली पालवी फुटते, तिच्यात हिवाळाभर साठवलेला गोडवा उतरतो. पावसाळ्यातल्या पानात तो नसतो. त्यामुळे वाहचा घेताना 'पहिली खुडणी' म्हणजे 'फर्स्ट फ्लश' लिहिलंय का हे आधी बघा. नीलगिरीला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, खुडणी बारा महिने चालते, त्यामुळे ताजा माल कधीही मिळतो. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीतला मात्र खास सुगंधी.

माझ्या कपात वाहचा फिकट पिवळा उतरतो. वाफेला कोवळा मका भाजल्यासारखा वास, जिभेवर हलका गोडवा आणि तुरटपणा अगदी शेवटी, जेमतेम. कोरकुंदाचा भरीव लागतो, फुलांसारखा वास लगेच येतो, तुरटपणाही जास्त.

करताना एकच पथ्य : उकळतं पाणी ओतू नका. अति गरम पाण्यात कडू-तुरट द्रव्यं भराभर उतरतात. पाणी उकळून पाचेक मिनिटं थांबा, साधारण ८० अंशांवर आलं की दीडशे मिलिलिटरला सपाट चमचाभर पानं, दोन मिनिटं, मग गाळा. तीच पानं अजून दोनदा चालतात. वाहच्या पानांचा दुसरा कप मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

सकाळी निवांत बसून, नुसता चहाच प्यायचा असेल, तर वाहचा घ्या, पण मे-जूनमध्ये, एप्रिलच्या मालाचा, आणि थोडाच. ऑफिसात रोज दोनदा प्यायचा असेल, जेवणानंतर हवा असेल, दुधाच्या चहाची सवय नुकतीच सुटत असेल, तर कोरकुंदाचा. त्याचा भरीवपणा अशा जिभेला लवकर पटतो. वाहचा तिला आधी पाणीच वाटेल.

कोणताही घ्या, पाकिटावरची पॅकिंगची तारीख सहा महिन्यांच्या आतली असू द्या. मुंबई-कोकणात राहत असाल तर पाकीट फोडताच पानं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि तो मसाल्यांच्या फळीपासून लांब ठेवा. हिंगाचा वास चहाला एका रात्रीत लागतो.