ई-कोर्ट्स सेवा : तारीख दिसते, कागद मात्र अजून न्यायालयातच

ज्यांच्या घरात एखादा दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालला आहे, त्यांना 'पुढची तारीख काय पडली' या एका प्रश्नासाठी किती ओशाळेपणा पत्करावा लागत असे, हे वेगळे सांगायला नको. वकिलांना दूरध्वनी करायचा, ते दुसऱ्या न्यायालयात असतील तर त्यांच्या कारकुनाला गाठायचे, तोही सापडला नाही तर एस.टी. पकडून तालुक्याला जायचे आणि शिरस्तेदारांच्या टेबलाशी उभे राहायचे, असा तो क्रम होता. ई-कोर्ट्स सेवांचे संकेतस्थळ आणि त्याच नावाचे मोबाइल अ‍ॅप यांनी हा क्रम मोडला, ही त्यांची सर्वांत मोठी कमाई आहे. मी ही सेवा गेली काही वर्षे एका वाटपाच्या दाव्यासाठी नियमितपणे वापरत आहे, आणि त्या वापरातूनच हे परीक्षण लिहीत आहे.

या प्रकल्पाची आखणी 2005 साली सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने तयार केलेल्या राष्ट्रीय धोरणातून झाली. पहिला टप्पा 2007 साली सुरू झाला, दुसरा 2015 साली, आणि तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपयांची मंजुरी दिली. ज्या संगणकप्रणालीवर देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांचा कारभार चालतो, ती पुण्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

सेवेचा कणा म्हणजे सी.एन.आर. क्रमांक. सोळा अक्षर-अंकांचा हा क्रमांक प्रत्येक प्रकरणाला एकदाच मिळतो आणि प्रकरण एका न्यायाधीशांकडून दुसऱ्यांकडे वर्ग झाले तरी बहुधा तोच कायम राहतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, नंतरचे दोन अंक त्या न्यायालयाचे, मग सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष, अशी त्याची रचना आहे. हा क्रमांक हाती असेल तर बाकी काहीही माहीत असण्याची गरज उरत नाही. तो अ‍ॅपमध्ये भरला, की दावा केव्हा दाखल झाला, केव्हा नोंदला गेला, पक्षकार व वकील कोण, कोणत्या कायद्याखाली, सध्या कोणत्या न्यायाधीशांसमोर, कोणत्या टप्प्यावर आणि पुढची तारीख कोणती, हे सर्व एका पानावर येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, नावनोंदणी लागत नाही, आणि आपण पक्षकार आहात का, असेही कोणी विचारत नाही. म्हणून दाव्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाने पहिले काम हे करावे, की आपल्या वकिलांकडून सी.एन.आर. क्रमांक लिहून घ्यावा आणि तो घरातल्या दोघांतिघांकडे ठेवावा.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्या पानाच्या खालच्या भागातले कोष्टक. प्रकरणाच्या इतिहासात प्रत्येक सुनावणीची तारीख ओळीने दिलेली असते आणि त्या तारखेवर बोट ठेवले, की त्या दिवशीचा रोजनामा उघडतो. वादी हजर होता का, प्रतिवादीने मुदतीचा अर्ज दिला का, निशाणी 5 च्या म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जावर युक्तिवाद झाला की तो पुन्हा पुढे गेला, प्रकरण कोणत्या कारणासाठी तहकूब झाले, हे तेथे वाचता येते. पूर्वी हा रोजनामा पाहायचा तर फाइल मागवावी लागे. आता पक्षकार स्वतः बसून पाच वर्षांच्या तारखा ओळीने वाचू शकतो, आणि त्यातून त्याला स्पष्ट दिसते, की विलंब कोणामुळे झाला : समन्स बजावून येत नव्हते म्हणून, न्यायाधीशांची जागा रिकामी होती म्हणून, की आपल्याच बाजूने साक्षीपुराव्याचे प्रतिज्ञापत्र वेळेत दिले नाही म्हणून. वकिलांशी बोलताना पक्षकाराला आता हातात नोंद धरून बोलता येते, आणि चांगल्या वकिलांनाही ते सोयीचेच जाते.

मात्र रोजनाम्याचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. काही न्यायालयांत चार-पाच वाक्यांत त्या दिवसाचे कामकाज नीट लिहिलेले आढळते, तर काही ठिकाणी 'तहकूब' एवढ्या एका शब्दावर भागवलेले असते. महाराष्ट्रात टप्प्यांपुढे 'रेडी' आणि 'अनरेडी' अशी जोड दिसते, तिचा अर्थ नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. प्रकरण सुनावणीला तयार आहे की अजून नोटीस, समन्स यांसारख्या प्राथमिक पूर्ततांमध्ये आहे, एवढाच तो भेद आहे. तो पानावरच एका ओळीत समजावून दिला असता, तर कितीतरी लोकांची घालमेल वाचली असती.

आपली प्रकरणे अ‍ॅपमध्ये साठवून ठेवण्याची सोय आहे, आणि रोज सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी, पाहणाऱ्या वकिलांना ती विशेष उपयोगी पडते. परंतु ही यादी फोनमध्येच राहते. फोन बदलला किंवा हरवला तर यादीही जाते, त्यामुळे ती अधूनमधून बाहेर काढून जपून ठेवावी. त्यासाठीची सोय अ‍ॅपमध्येच आहे.

सी.एन.आर. क्रमांक हाती नसेल, तर मात्र कठीण जाते. पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण त्यासाठी आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडावे लागते आणि नोंदणीचे वर्षही द्यावे लागते. संपूर्ण महाराष्ट्रात या नावाच्या माणसावर कोठे दावा आहे का, असा एकत्रित शोध येथे घेता येत नाही. त्यात नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात. जाधव हे आडनाव पुण्या-साताऱ्याकडे शेवटी 'व्ही' लावून लिहितात आणि विदर्भात पुष्कळ ठिकाणी 'ओ' लावून. चौधरी तर चार-पाच प्रकारांनी लिहिले जाते. दावा दाखल करताना जे स्पेलिंग पडले, तेच शोधताना द्यावे लागते. यावर उपाय म्हणजे पूर्ण नाव न देता, ज्यांत बदल होण्याची शक्यता कमी आहे अशी सुरुवातीची तीन-चार अक्षरेच भरावीत आणि आलेल्या यादीतून आपले प्रकरण निवडावे. थोडा वेळ जातो, पण प्रकरण सापडते.

जमीन विकत घेणाऱ्यांसाठी येथे एक इशारा आवश्यक आहे. गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक देऊन दावा शोधण्याची सोय या सेवेत नाही, आणि विकणाऱ्याच्या नावाने एका तालुक्यात काही आढळले नाही, एवढ्यावरून जमीन निर्वेध आहे असे मानणे धोक्याचे आहे. शिवाय तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढील फेरफार व वहिवाटीची प्रकरणे येथे येतच नाहीत. महसुली प्रकरणांची ऑनलाइन व्यवस्था वेगळी आहे. आपल्याकडे जमिनीचे निम्मे भांडण महसुली कचेऱ्यांत चालते, तेव्हा दोन्हीकडे पाहिल्याशिवाय आणि जाणत्या वकिलांकडून शोध घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

आदेश व निकाल यांच्या प्रती संकेतस्थळावर वाचायला मिळतात, हेही थोडे नाही. परंतु त्या माहितीपुरत्या असतात. वरच्या न्यायालयात अपील करताना, बँकेत किंवा तलाठ्याकडे दाखवताना प्रमाणित प्रत लागते, आणि तिच्यासाठी नक्कल विभागात अर्ज करून शुल्क भरावेच लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणित प्रतींची तरतूद कायम आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करून न्यायालयीन कागद मिळवावेत असे काहींना वाटते. मात्र जेथे उच्च न्यायालयाच्या नियमांत प्रती देण्याची व्यवस्था आहे, तेथे त्याच मार्गाने जावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. या सेवेत आदेश दिसतो, पण ज्यावर तो आदेश झाला तो दावा, त्यावरची कैफियत, अर्ज, त्यावरचे म्हणणे आणि पुराव्याचे कागद दिसत नाहीत. अमेरिकेतील संघीय न्यायालयांची पेसर ही सेवा याच्या नेमकी उलट आहे. तेथे मूळ वादपत्रापासून बहुतेक सर्व कागद कोणालाही पाहता येतात, पण त्यासाठी दर पानाला 10 सेंट आकारले जातात, एका कागदपत्राला कमाल 3 डॉलर, आणि तीन महिन्यांत 30 डॉलरपर्यंतचा खर्च माफ होतो. आपल्याकडे सेवा पूर्णतः मोफत आहे, आणि शेतकऱ्याच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सर्वांनाच सगळे कागद खुले करावेत असे माझे म्हणणे नाही. कौटुंबिक वादांत किंवा लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर नावसुद्धा बाहेर येता कामा नये. परंतु जो स्वतः पक्षकार आहे, ज्याने ओळख पटवून दिली आहे, त्याला आपल्याच दाव्याची फाइल घरबसल्या पाहता यावी, ही मागणी अवाजवी नाही. तिसऱ्या टप्प्यातील सर्वांत मोठी रक्कम, 2,038 कोटी रुपयांहून अधिक, जुन्या व चालू अभिलेखांचे स्कॅनिंग आणि जतन यासाठी ठेवलेली आहे. एवढे कागद स्कॅन होणार असतील, तर त्यांचा पहिला लाभ पक्षकाराला मिळाला पाहिजे.

दाखल करण्याच्या बाजूने, म्हणजे ई-फायलिंगमध्ये, अनुभव संमिश्र आहे. वकिलांना आपल्या सनद क्रमांकावर खाते उघडता येते, आणि स्वतः प्रकरण चालवणाऱ्या पक्षकारालाही ते उघडता येते. न्यायालय व प्रकरणाचा प्रकार निवडायचा, वादी-प्रतिवादींची माहिती भरायची, कायदा आणि कलम द्यायचे, मग अनुक्रमणिकेप्रमाणे एकेक कागद पी.डी.एफ. करून चढवायचा, डिजिटल स्वाक्षरी किंवा आधारवर आधारित ई-साइन करायची, न्यायालय शुल्क ऑनलाइन भरायचे आणि सादर करायचे. त्यानंतर न्यायालयातील कर्मचारी तपासणी करतात आणि प्रकरण स्वीकृत, अस्वीकृत किंवा त्रुटीयुक्त यांपैकी कोणत्या रकान्यात आहे, ते खात्यात दिसते. त्रुटी काय आहे हे लेखी कळते, ही पूर्वीपेक्षा निश्चितच चांगली व्यवस्था आहे. पूर्वी खिडकीवरून कागद परत यायचा आणि कारण तोंडीच सांगितले जायचे.

प्रत्यक्षात खरी मेहनत स्कॅनिंगमध्ये जाते. जुने खरेदीखत, हिरव्या पट्ट्यातला मुद्रांक, मोडी लिपीतला कागद, फाटलेला सात-बारा, हे सर्व वाचता येईल असे स्कॅन करणे हे कसबाचे काम आहे. मला ठाऊक असलेल्या एका तालुका न्यायालयात एक अर्ज केवळ दोन पाने तिरपी स्कॅन झाल्यामुळे परत आला, आणि ते कळेपर्यंत काही दिवस गेले. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसावर हे काम कधीही ठेवू नये. याहून अधिक खटकते ते हे, की ऑनलाइन दाखल करूनही पुष्कळ न्यायालयांत कागदी संच द्यावाच लागतो. म्हणजे स्कॅनिंगचा खर्च झाला, झेरॉक्सचाही झाला आणि फेरीही चुकली नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने वकिली करणाऱ्या, कारकून न परवडणाऱ्या वकिलांनी ई-फायलिंगच्या सक्तीला विरोध केला, तेव्हा त्यामागे हेच दुहेरी ओझे होते, आणि तो विरोध केवळ नव्याची धास्ती म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. सक्ती करायची तर आधी कागदी संचाची अट काढली पाहिजे.

उच्च न्यायालयाचा अनुभव पुष्कळ बरा आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि 18 ऑगस्ट 2025 पासून काम सुरू झालेले कोल्हापूरचे फिरते खंडपीठ यांचे बोर्ड व आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी 2023 पासून ई-एस.सी.आर. या त्यांच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य खुले झाले, आणि त्यांतील काहींचे मराठी अनुवादही तेथे आहेत. महागडी कायदा नियतकालिके न परवडणाऱ्या तरुण वकिलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

भाषेबाबत मात्र तालुका पातळीवर अजून बरेच काम बाकी आहे. महाराष्ट्रात 1998 च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. दावे मराठीत लिहिले जातात, साक्षी मराठीत होतात, पुष्कळ आदेशही मराठीत होतात. असे असताना त्याच दाव्याची ऑनलाइन माहिती, टप्प्यांची नावे आणि रोजनामा बहुतांशी इंग्रजीत दिसतो. ज्या आजींच्या नावावर जमीन आहे, त्यांना आपल्याच दाव्यात काल काय घडले ते नातवाकडून वाचून घ्यावे लागते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रे उघडली आहेत. तेथे प्रकरणाची स्थिती पाहून मिळते, प्रमाणित प्रतीचा अर्ज करायला आणि ई-फायलिंगसाठी स्कॅनिंग करायला मदत होते. केंद्र आहे का, ते किती वाजेपर्यंत उघडे असते आणि तेथील स्कॅनर चालू आहे का, याची चौकशी न्यायालयात शिरतानाच करून घ्यावी, कारण सर्व तालुक्यांत ही सोय सारखी नाही. परदेशात असलेल्या आणि गावाकडच्या जमिनीचा दावा मुखत्यारपत्रावर चालवणाऱ्या मराठी कुटुंबांना या केंद्राची गरज पडणार नाही. त्यांनी सी.एन.आर. क्रमांक, रोजनामा आणि आदेशांच्या प्रती यांवर दर तारखेनंतर नजर ठेवावी, आणि मुखत्याराकडून आलेली प्रत्येक बातमी रोजनाम्याशी ताडून पाहावी.